फाटक्या कोपऱ्याचे पत्र

सबनीसबाई गेल्या तेव्हा टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या वसाहतीच्या सभागृहात शोकसभा झाली. बाई अतिशय प्रेमळ होत्या, असे चार जणांनी उभे राहून सांगितले. त्यांतल्या तिघांशी बाई बोलत नव्हत्या. चौथ्याशी एकदा बोलल्या होत्या, तर तो पुढे दोन आठवडे लिफ्ट टाळून जिन्याने ये-जा करत होता. मी काही बोलले नाही. मला सभेत बोलता येत नाही, आणि जे सांगण्यासारखे होते ते हार घातलेल्या फोटोसमोर शोभले नसते. म्हणून ते इथे सवडीने लिहिते आहे.

निर्मला सबनीस पुण्यात पंचवीस वर्षे मोडी कागद वाचत होत्या. मग टोकियोच्या एका विद्यापीठात जुनी पत्रे वाचायला आल्या. कुंचल्याने एका दमात लिहिलेली जुनी जपानी अक्षरे आजच्या जपानी माणसाला बहुधा लागत नाहीत. बाईंना लागत. हात न उचलता लिहिणाऱ्या कारकुनांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे त्यांना त्यात विशेष काही वाटत नसे. त्यांच्या विभागाचे प्रमुख मोरिता-सेन्सेई, म्हणजे मोरिता गुरुजी, प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर आश्चर्य करत, "सबनीस-सानना हे वाचता येतं!" बाई म्हणत, "तुम्हाला येत नाही, आश्चर्य त्याचं करा." सेन्सेई हसून मान लववत. बाईंचे प्रत्येक बोलणे ते विनोद समजत, आणि म्हणूनच दोघांचे इतकी वर्षे जमले.

माझी आणि बाईंची गाठ भूकंपाने घालून दिली. मी तेव्हा एका भारतीय बँकेच्या टोकियो शाखेत नुकतीच बदलून आले होते. त्या मार्चमध्ये जमीन हलायची थांबेना आणि फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा आमची इमारत तीन दिवसांत रिकामी झाली. मीही पळाले. जाताना प्रत्येकाने आपापली तुळस तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाईंच्या दारात ठेवली. बाई काही जाणार नाहीत, हे सर्वांनी त्यांना न विचारताच ठरवले होते. सतरा कुंड्या होत्या. एकीवर चिठ्ठी होती, 'सकाळचं ऊन दाखवावं.' दुसरीवर, 'शक्य असल्यास दिवा.'

महिन्याभराने आम्ही चकल्यांचे डबे घेऊन, धीर न सोडल्याबद्दल एकमेकांचे अभिनंदन करत परतलो. माझी कुंडी माझ्या दाराशी रिकामी ठेवलेली होती. आत चिठ्ठी होती: 'तुळस गेली. भूकंपाचा संबंध नाही. तुम्ही तिला आधीच मारून ठेवले होते. नि. स.'

मी क्षमा मागायला वर गेले. बाईंनी दार अर्धे उघडून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"काय करतेस?"

"बँकेत आहे."

"म्हणजे न कंटाळता कागद हाताळायची सवय आहे. रविवारी ये."

त्या दिवसापासून माझे नाव 'बँक' पडले. खरे नाव त्यांनी कधी विचारले नाही, आणि मला तेव्हापासून दुसरे काही म्हणवून घ्यावेसे वाटले नाही.

रविवारचे काम असे होते. भूकंपाने ईशान्येकडची जुनी घरे मोडली आणि त्यांतले सामान कचरा म्हणून रस्त्याकडेला रचले गेले. त्यात सरकती दारे असत. जपानी घरातले असे दार म्हणजे लाकडी चौकटीवर कागदाचे थरावर थर. वरचा थर देखणा, आतले सगळे रद्दीचे. आणि दीडशे वर्षांपूर्वीची रद्दी म्हणजे मुलांचे कित्ते, देवळाची पत्रके आणि घरची पत्रे. ही दारे कचऱ्यातून उचलून आणणारे स्वयंसेवक पुष्कळ होते, आतले कागद वाचणारे फार थोडे. बाईंच्या वाट्याला फुकुशिमाच्या डोंगराळ भागातल्या, मिसो म्हणजे सोयाबीनचे आंबवलेले वाटण बनवणाऱ्या एका घराण्याची दोन दारांची जोडी आली. एक दार विद्यापीठामार्फत बाईंच्या घरी पोचले. दुसरे त्या गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत इतर शेकडो दारांखाली दबून राहिले.

मी फवाऱ्याने पाणी मारायचे. कागद भिजला की बाई बांबूच्या पातळ पट्टीने तो सोडवायच्या, त्यावर थराचा आणि जागेचा क्रमांक लिहायच्या आणि टिपकागदावर वाळत घालायच्या.

"बँक, पाणी. अगं, किती! कागद आहे तो, वाफा नव्हे."

घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर सदैव कागद बसलेले असत. आम्ही दोघी जमिनीवर. चहा स्वयंपाकघरात उभ्याने प्यायचा, कपासह कागदांच्या खोलीत आलेल्या माणसाला पुन्हा बोलावणे नाही. शेजारच्या एका उत्साही गृहस्थांचे बोलावणे असेच बंद झाले. शोकसभेत ते दुसऱ्या क्रमांकावर बोलले.

ती पत्रे यादवीतली होती. दीडशे वर्षांपूर्वी जपानी माणसे आपापसांत लढली. एकीकडे सम्राटाच्या नावाने चाल करून आलेले दक्षिणेचे सैन्य, दुसरीकडे जुन्या राजवटीशी इमान राखणारी ईशान्येची संस्थाने. मिसोवाल्यांचा धाकटा मुलगा शिन्किची, वय एकोणीस, याला संस्थानच्या सैन्याने ओझी वाहायला धरून नेले होते. त्याची आईला आलेली पत्रे, आणि जवळच्या गावात दिलेल्या त्याच्या बहिणीची आईला आलेली पत्रे, असा तो सगळा ऐवज होता.

बहीण लिहिते, 'कोंबड्या गाद्यांच्या कपाटात लपवल्या आहेत. शिपाई झडतीला आले तेव्हा आतला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाई मोठमोठ्याने खोकत राहिल्या. शिपाई जाऊन आठ दिवस झाले, खोकला अजून चालू आहे आणि घरचे सगळे माझ्यावर पडले आहे.' शिन्किची लिहितो, 'माझ्या शेजारी निजणारा फार घोरतो. काल शत्रूच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा तो जागा झाला आणि मला जरा झोप लागली.'

हे वाचून बाई चष्मा पुसत. "ही तोफ कुठल्या टेकडीवर होती यावर इथले तीन विद्वान तीस वर्षं भांडतायत. घोरणाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला आहे का? विचारून बघ."

त्यांचा एक नियम होता, कागद जिथे संपतो तिथे आपणही संपायचे. मी एकदा म्हटले, "बिचारी आई रात्र-रात्र जागत असेल." बाईंनी पट्टी खाली ठेवली. "तू होतीस तिथं? मग पाणी मार."

त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाने त्यांचे भाषण ठेवले. फलकावर विषय लिहिला होता, 'जपानी शौर्यगाथा'. बाईंनी कोंबड्यांचे पत्र वाचले, मग मुळ्याचे लोणचे शिपायांनी पिंपासकट कसे नेले ते वाचले आणि खाली बसल्या. तोयोसूच्या कुठल्याशा संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले अध्यक्ष अस्वस्थ झाले.

"बाई, तलवारीचं काही नाही का त्यात?"

"आहे ना. दोन ठिकाणी आहे. एकदा त्या बहिणीने तिने मुळे चिरले, एकदा सरपण."

टाळ्या बेताच्याच पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका सात वर्षांच्या मुलीने जपानीत विचारले, त्या कोंबड्यांचं पुढं काय झालं? तिच्या आईने तिला मराठीत विचार म्हणून दटावले. परतताना बाई म्हणाल्या, "सभेत एकच इतिहासकार होती. तिला गप्प बसवलं."

दारांची मालकीण होती एन्दो-सान. वय चौऱ्याऐंशी. घर पाडावे लागल्यामुळे ती सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या घरांच्या रांगेत एका खोलीत राहत होती. आम्ही तिला पत्रांबद्दल सांगायला गेलो. तिने कोंबड्यांची गोष्ट ऐकून घेतली, वाकून आभार मानले आणि मग मुद्द्यावर आली.

शिन्किची तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. तो परत आला नाही. तो लढाई सोडून पळाला असे घरात सगळे धरून चालत. घराण्याच्या थडग्यावर त्याचे नाव नव्हते, देवळाच्या मृतांच्या वहीत नव्हते आणि उन्हाळ्यातल्या पितरांच्या दिवसांत पुरोहित घरातल्या गेलेल्यांची नावे वाचत तेव्हा त्याचे वाचले जात नसे.

"मी नऊ वर्षांची असताना आजीला विचारलं, त्याचं नाव का नाही घेत? तिने थोबाडीत दिली. पंचाहत्तर वर्षं झाली, गाल अजून विचारतोय." ती म्हणाली. "आता भूकंपाने थडगं पडलंय. वसंतात पाथरवट येऊन पुन्हा उभं करणार आहे. पुरोहित म्हणतात, तो लढाईत मेल्याचा कागद आणा, वहीत घेतो आणि दगडावर कोरतो. सेन्सेई, मला मरायच्या आधी त्याला घरात घ्यायचंय. असा कागद आहे का?"

"असेल तर सापडेल," बाई म्हणाल्या. आश्वासन म्हणून त्यांच्या तोंडून एवढेच निघत असे.

हिवाळ्यात, पहिल्या दाराच्या शेवटच्या थरात, तो कागद सापडला. अर्धाच. शिन्किचीच्या तुकडीच्या मुकादमाने त्याच्या वडिलांना लिहिलेले पत्र होते. सुरुवातीचा मायना होता, मग 'खिंड ओलांडताना आपल्या शिन्किचीच्या संबंधात जे घडले ते कळवण्यास अत्यंत वाईट वाटते', आणि तिथे कागद सुरीने कापलेला. उरलेला तुकडा कुठल्या तरी दुसऱ्या दारात गेला असणार. पण या तुकड्याचा एक कोपरा कापलेला नव्हता, हाताने फाडलेला होता.

बाई किती तरी वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या.

आपल्याकडे मृत्यू कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडत. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की मजकूर कळण्याआधीच बायका पदर तोंडाला लावत. उंबऱ्याबाहेर वाचायचे, फाडून टाकायचे आणि अंघोळ करायची. बाईंच्या लहानपणी त्यांच्या वडिलांची बातमी अशीच आली होती. हे त्यांनी मला त्या दिवशी, पहिल्यांदाच, एका वाक्यात सांगितले.

मी हळूच विचारले, "पण बाई, जपानात अशी पद्धत आहे का?"

"मरण कळवायची लाज सगळीकडे सारखीच असते."

"आणि असं पत्र घरात ठेवत नाहीत ना?"

"म्हणूनच दारात कोंबलं. बँक, शंका काढायला डोकं लागतं, ते मी आणलेलं आहे. पाणी मार."

मी पाणी मारले. खिंडीतली लढाई कोणत्या दिवशी झाली हे इतिहासात होतेच. बाईंनी दोन पानी दाखला लिहिला, विद्यापीठाचा शिक्का मारला. वसंतात दगड उभा राहिला, त्यावर शिन्किचीचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरली गेली. समारंभाला बाईंना पहिल्या रांगेत बसवले. पुरोहितांनी वहीतून नावे वाचली. शिन्किचीचे नाव आले तेव्हा एन्दो-सानने गालाला हात लावला. परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. सूर बरा नव्हता.

दुसरे दार त्याच वर्षी शरदात आले. तोवर बाईंच्या पोटात गाठ निघाली होती, आणि तिच्याबद्दल त्या पाहुणीचा मुक्काम लांबल्यासारखे बोलत. तिसऱ्या थरात मुकादमाच्या पत्राचा उरलेला अर्धा भाग निघाला. सुरीने कापलेली कड पहिल्या तुकड्याच्या कडेला तंतोतंत बसली. मजकूर असा: 'तो मध्यरात्री पळाला. जाताना तुकडीचे भात शिजवायचे भांडे घेऊन गेला. माणूस गेल्याचे चालवून घेता येईल, भांडे मात्र आपण भरून द्यावे.'

बाई उठल्या, पहिल्या दाराचे सगळे कागद काढले आणि क्रमांकांप्रमाणे एकमेकांवर रचले. फाडलेल्या कोपऱ्याच्या जागी वरच्या पाचही थरांना भोक होते. दार सरकवताना बोट अडकवायची खोबण कधी तरी बदलताना सुताराने बोट घालून तिथला कागद उकलला होता. क्रमांक बाईंनी स्वतःच्या हाताने घातले होते. रचून बघायची गरज मात्र त्यांना वाटली नव्हती.

"गाढवीण," त्या म्हणाल्या. मी इकडेतिकडे पाहिले. त्या स्वतःला म्हणत होत्या.

त्याच दारात शिन्किचीचे एक पत्र होते. लढाई संपल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात, उत्तरेच्या बेटावरून आईला लिहिलेले. तो हेरिंग मासे पकडणाऱ्याकडे कामाला होता. हाताचा वास जात नाही, अंगठा वेगळा असलेले मोजे मिळत नाहीत, असले तर जाड कापडाचे पाठव, आणि बाबांना सांगू नकोस.

मोरिता-सेन्सेईंनी चहा मागवला आणि फार हळुवारपणे सुचवले की, एन्दो-सान आता समाधानात आहेत. दुरुस्ती अंतिम अहवालात, तळटीपेत देता येईल.

"म्हातारी तळटीपा वाचते का?"

"नाही, म्हणूनच," सेन्सेई म्हणाले. हा त्यांचा मला माहीत असलेला एकमेव विनोद, आणि तो त्यांनी गंभीरपणे केला होता.

मीही म्हटले, "बाई, राहू द्या ना. पंच्याऐंशीची आहे ती. खरं कळलं तर पुरोहित नाव काढतील, मग तिचं काय राहिलं?"

"म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खोटं मऊ भातासारखं भरवायचं? दात नाहीत म्हणून?"

शुक्रवारी रुग्णालयात तपासणी होती. बाईंनी ती पुढे ढकलली आणि मला रजा टाकायला लावली. हा आमचा शेवटचा प्रवास. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी कुणालाही रुग्णालयात भेटायला येऊ दिले नाही, मलाही नाही. 'बँक चालू ठेव' एवढा निरोप आला.

एन्दो-सानच्या खोलीत बाई गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ चटईला टेकवून राहिल्या. इतका वेळ, की एन्दो-सान घाबरून मला विचारू लागली, यांना बरं नाही का?

"मी चुकले," बाई खालूनच म्हणाल्या. "तो मेला नव्हता. पळाला होता. तुमच्या घरचे म्हणत होते ते खरं होतं." मग वर बसून त्यांनी मुकादमाचे पत्र वाचले, भांड्यासकट, एकही शब्द न गाळता. त्यानंतर शिन्किचीचे पत्र वाचले.

एन्दो-सान म्हणाली, "जिवंत होता?"

"दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत नक्की."

"मासे धरत होता?"

"धरत होता. वास येतो म्हणतो हाताला."

"हेरिंगचा येतोच," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. "भांडं घेऊन पळाला! आमच्याच घरातला. माझे वडील भूकंप झाला की आधी भाताचं भांडं उचलायचे."

बाई हसल्या नाहीत. "दगडावरची तारीख खोटी आहे. मी पाथरवटाशी बोलते, खर्च माझा. आणि पुरोहितांना मी स्वतः जाऊन सांगते."

"मग ते नाव काढतील."

"काढतील."

"सेन्सेई, तुम्ही हे छापणार?"

"छापावं लागेल."

"तुमचं लिहिलेलं वाचतं कोण?"

बाईंनी खरोखर विचार केला. "प्रामाणिकपणे सांगायचं तर, तीन जण."

"त्यांत आमचे पुरोहित आहेत?"

"नाहीत."

"मग छापा की. पुरोहितांनी विचारलं तर मी सांगेन, न विचारता सांगायला मी काही सेन्सेई नाही. तारीख राहू दे. कधी तरी मेलाच असेल ना तो? त्याच्या नावावर आता लोक पाणी घालतात. चला, दाखवते."

चुकीवर पांघरूण घालण्याची संधी बाईंना त्या महिन्यात तिसऱ्यांदा दिली जात होती. पण या वेळी संधी देणारीला सगळे ठाऊक होते. बाई वाद न घालता उठल्या.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. थडग्यापाशी एन्दो-सानने लाकडी पळीने दगडावर पाणी घातले आणि पळी बाईंच्या हाती दिली. बाईंनीही घातले. मग वाकून त्या कोरलेल्या तारखेवरून बोट फिरवत राहिल्या. दगडातली एवढी स्वच्छ अक्षरे वाचायला बोटाची काही गरज नव्हती.

"मोजे पाठवले का हो आईने?" एन्दो-सानने मागून विचारले.

"माहीत नाही. त्यानंतरचं पत्र नाही."

"पाठवले असणार."

"कशावरून?"

"त्याने पाणावल्या डोळ्यांनी मागितले नाहीत, हक्काने मागितले. न पाठवणाऱ्या आईकडे कोण असं मागतं?"

मला वाटले, आता बाई तिला सोलून काढणार. पण त्यांनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली.

"हे तुमचं मत म्हणून लिहू?"

"लिहा."

"पूर्ण नाव?"

"एन्दो हात्सु."

"वय?"

"शहाऐंशी लिहा. पुढच्या महिन्यात होतील."

"आज किती ते सांगा."

"पंच्याऐंशी," एन्दो-सान कुरकुरली आणि आपली छत्री पुढे करून तिने ती वहीवर धरली. छत्री लहान होती. वही तेवढी कोरडी राहिली, आणि त्या दोघी भिजत उभ्या.